नाव बदललं आणि ११२ भाग पुन्हा उतरले: पॉडकास्टच्या यादी-फाईलचा आठ महिन्यांचा अनुभव

औसा तालुक्यातल्या आमच्या गावचं वाचनालय रात्री आठला बंद होतं, पण आतला जुना लॅपटॉप चालूच असतो. पहाटे तीनला तो एका प्रसारण संस्थेची पॉडकास्टची यादी उघडतो आणि आमच्या कामाचे नवे भाग उतरवून ठेवतो. सकाळी माणसं येतात, मेमरी कार्ड भरून नेतात. कुणाकडं बटणाचा फोन, कुणाकडं कार्ड घालून वाजवायचा स्पीकर. शिवारात रेंज मिळत नाही, त्यामुळं कार्डातलं तेवढंच ऐकता येतं. मृगाच्या तोंडावर हे सुरू केलं. आता हरभरा काढणीला आलाय.

ही यादी माणसानं वाचायची नाही, यंत्रानं वाचायची. ओपीएमएल नावाची ही एक्सएमएल पद्धत (एक्सएमएल म्हणजे यंत्राला वाचता यावी म्हणून माहिती ठरलेल्या खुणांमध्ये मांडणं) डेव्ह वायनर यांच्या यूजरलँड कंपनीनं २००० साली आणली, ती मुळात मुद्द्यांखाली पोटमुद्दे मांडून टिपणं करण्यासाठी. पुढे फीड, म्हणजे नव्या भागांची आपोआप ताजी होणारी यादी, वाचणाऱ्या ॲपनी ती उचलली. एका कार्यक्रमाला एक ओळ, ओळीत नाव आणि त्याच्या फीडचा पत्ता; हे फीड आरएसएस नावाच्या पद्धतीत असतं. अँटेनापॉडसारख्या ॲपमध्ये फाईल आयात केली की सगळे कार्यक्रम एकदम येतात. मी मात्र पायथन या संगणक भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिली, कारण मला सगळे कार्यक्रम नको होते. शेतीचे, बातम्यांचे आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठीचे एवढेच हवे होते, आणि तेही मराठीतले.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कार्यक्रमाच्या नावात कुणीतरी ‘आणि’च्या जागी नुसतं & टाकलं होतं. एक्सएमएलमध्ये ते तसं चालत नाही. पुढे ए, एम, पी आणि अर्धविराम लावावा लागतो. ब्राउझरमधली वेब पानं असल्या चुका पोटात घालतात, एक्सएमएल घालत नाही. एका चिन्हापायी अख्खी फाईल वाचता येईना, आणि एकही नवा भाग उतरला नाही. सकाळी एक आजोबा स्पीकर घेऊन परत आले: “सर, कालचंच लागायलंय की.”

भाषेचंही तसंच. भाषेच्या रकान्यात मराठीसाठी ‘एमआर’ हवं, पण प्रत्येक ओळीला इंग्रजीचं ‘ईएन’ लागलेलं. साच्यात जे आधी भरलेलं होतं ते तसंच राहिलेलं. तीन महिने मी हातानं मराठी कार्यक्रम निवडत होतो. संस्थेला कळवल्यावर दोन्ही गोष्टी दुरुस्त झाल्या, ते मी मनापासून नोंदवतो.

खरा फटका बसला ऐन सोयाबीन काढणीत. यादीत एका कार्यक्रमाच्या नावात ‘उस्मानाबाद’ होतं, ते बदलून ‘धाराशिव’ केलं. नाव बदलणं योग्यच होतं. पण फीडच्या पत्त्यातही जुनं नाव होतं, म्हणून पत्ताही बदलला. प्रत्येक भागाला आरएसएसमध्ये एक ओळखखूण असते. ती त्या पत्त्यावरूनच बनवलेली, म्हणून तीही बदलली. माझ्या स्क्रिप्टला वाटलं, हा नवाच कार्यक्रम आणि याचे सगळेच भाग नवे. तिनं जुने ११२ भाग पुन्हा उतरवायला घेतले. १२ मिनिटांचा भाग १२८ केबीपीएसला साधारण साडेअकरा एमबी होतो. ११२ भाग म्हणजे जवळजवळ १.३ जीबी. आमचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. त्यात त्या दिवशीचे इतर भाग. पॅक संपला, वेग ६४ केबीपीएसवर आला आणि शेतीची वार्तापत्रं रांगेत शेवटी अडकून पडली.

तो शुक्रवार होता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावरचा कृषी सल्ला निघतो, आणि आमच्याकडं ऐकला जाणारा मुख्य कार्यक्रम त्यावरच बेतलेला असतो. पावसाचा अंदाज, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, हे त्यात असतं. ज्यांच्या बनमी उघड्यावर होत्या त्यांच्या कार्डात त्या दिवशी मंगळवारचाच सल्ला गेला. मला ते फार लागलं.

उपाय अवघड नाही. नाव दाखवायला, पत्ता जायला, आणि ओळख पटवायला तिसरीच खूण, जी कधीच बदलायची नाही. नव्या पॉडकास्ट नेमस्पेसमध्ये, म्हणजे फीडसाठी ठरवलेल्या जादा रकान्यांच्या संचात, अशी खूण आहे: फीडच्या पत्त्यावरून ती एकदाच तयार करायची आणि पुढे पत्ता कितीदा बदलला तरी तीच ठेवायची. जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी लावायची, म्हणजे ‘कायमचं तिकडं गेलं’. आमच्या बाबतीत जुना पत्ता नुसता ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, देत होता. भागांच्या जुन्या ओळखखुणाही जशाच्या तशा न्यायच्या. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात दोन जिल्ह्यांची नावं बदलली आहेत. असल्या बदलाची तयारी यादीत पहिल्या दिवसापासून हवी.

बीबीसीची एकेकाळी अशीच ओपीएमएल यादी होती. तिच्या ओळीत वाहिनीचं नाव, भाग साधारण किती मिनिटांचा, कार्यक्रम चालू आहे की बंद, असे जादा रकाने होते. यातला चालू-बंदचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या यादीतून बंद पडलेला कार्यक्रम गुपचूप गायब होतो. तुरीच्या मररोगावरची मालिका संपली की तुटली, हे मला दोन आठवडे कळलं नाही, आणि विचारणाऱ्यांना मी ‘येईल’ म्हणत राहिलो.

एक चांगलं: फाईल बदलली नसेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे ‘काही बदललं नाही’, असं उत्तर देतो, पुन्हा अख्खी पाठवत नाही. हे पहिल्यापासून नीट चाललंय.

सातव्या महिन्यात कायमची खूण आली. मी लगेच स्क्रिप्ट तिच्यावर वळवली, आणि परवा एका कार्यक्रमाचं नाव बदललं तेव्हा एकच नवा भाग उतरला. विभागही आता ‘मराठवाडा/शेती’ असे तिरप्या रेषेनं लिहिलेले येतात, त्यामुळं निवड सोपी झाली. वाचनालय किंवा शाळा चालवणाऱ्यांनी ही यादी जरूर वापरावी, फक्त ओळख नावावर किंवा पत्त्यावर बांधू नये.

फीडमध्ये प्रत्येक फाईलच्या आकाराचा रकाना अजून शून्यच येतो. तो भरला तर उतरवायच्या आधीच पॅकचा हिशेब करता येईल आणि कृषी सल्ला रांगेत पुढं घेता येईल. डिसेंबरात कळवलंय. तोवर स्क्रिप्टमध्ये मी स्वतःच नियम घातलाय: मंगळवारी आणि शुक्रवारी आधी तो एकच कार्यक्रम, मग बाकीचे.