४०७ च्या इंजिन बदलात ७०,३०० ला बुडालो, इंजिनच्या कूलिंगचं काम करून घेताना डोळ्यात तेल घालून बघा

शिरोलीकडच्या एका गॅरेजवाल्यानं मला चुना लावलाय. जुनं इंजिन घेताना काय काय होतं ते सगळ्यांना माहितीच आहे, पण माझं इंजिन चांगलं निघालं आणि म्हणूनच जास्त डोकं फिरतंय. चोरी केली ती कूलिंगच्या कामात, जिथं कुणी वाकून बघत नाही.

माझा टाटा ४०७ टेम्पो, त्यातलं साधं ४९७ इंजिन काढून टर्बोवालं ४९७ बसवायचं होतं. टर्बो जादा तापतं, जुना रेडिएटर पुरणार नाही, असं मिस्त्रीच म्हणाला आणि ते खरंच आहे. नवा मोठा रेडिएटर १७,८००, वॉटर पंप ४,६००, होस-क्लिपा-पाईप ५,२००, कूलंट ३,९००, मजुरी ७,०००. झाले ३८,५००, सगळे आधी घेतले.

गाडी आणायला गेलो, रेडिएटरच्या जाळीवर हात ठेवला तर बोटाला काळा रंग लागला. ओला! नवीन मालाचा रंग बोटाला लागतो होय? खालच्या टाकीच्या कोपऱ्यात डाख दिलेला पण दिसत होता. विचारलं तर म्हणतो, "दाजी, गंज धरू नये म्हणून जादा कोट मारलाय." खोकं कुठाय? "भंगारवाल्यानं नेलं." तिथंच गाडी सोडून पैसे मागायला पाहिजे होते, ते काळं बोट अजून डोळ्यासमोरनं जात नाही. पण रत्नागिरीकडनं जांभ्या चिऱ्यांचं भाडं ठरलेलं, पार्टीचा फोनवर फोन, हप्ता तोंडावर, मामेभावानं खात्री दिलेली. अशा वेळी कोण रेडिएटर खोलून बघतो सांगा.

भरलेली गाडी आंबा घाट चढताना गेजचा काटा मधे होता आणि एकदम खाली आला, मला वाटलं थंड होतंय. पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलटा पडतो. काटा अचानक पडला तर तिथंच गाडी बंद करा! हेड (इंजिनचं वरचं झाकण) वाकलं, त्याच्या खालची गॅस्केट गेली. हेड फेसिंगसकट (घासून सपाट करण्यासकट) काम २१,३००, टोचन ६,५००, चिरे दुसऱ्या गाडीत टाकायला ४,०००.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं खोलून दाखवलं. रेडिएटर जुनाच, नळ्या क्षारानं भरलेल्या. कूलंट म्हणजे हिरवा रंग घातलेलं पाणी. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) काढून टाकलेला, त्यामुळं बायपासची वाट उघडी आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता परत पंपात. खालचा होस (रेडिएटरकडनं पंपाकडं जाणारा रबरी पाईप) मऊ, आत स्प्रिंग नाही. तिथं पंप पाणी ओढतो, रेस वाढली की असला होस चपटा होतो आणि पाणीच बंद. मधे जोडलेल्या लोखंडी पाईपच्या टोकाला कडा पण उठवलेली नव्हती, होस निसटणारच.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला आहे." पैसे घेऊन नव्याच्या नावाखाली जुना माल बसवला ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम, म्हणजे जुनं ४२०, कशासाठी ठेवलंय मग? म्हणे पक्कं बिल आणा. अहो, त्यानं पक्कं बिल दिलं असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो! आरटीओत गेलो, तिथं आरसीवर इंजिन नंबर चढवण्यापुरतं बघतात, काम कसं झालं ते "आमच्याकडं येत नाही." ग्राहक तक्रारीचं विचारलं तर खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक बसत नाही. साफ चूक. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा ग्राहकातच धरलाय, ५ लाखांपर्यंत फी पण नाही, मुदत २ वर्षं. हे मला तिथं कुणी सांगितलं नाही, वकिलाच्या कारकुनानं सांगितलं. माणसाला नुसतं इकडून तिकडं हाकलायचं, दमून गप्प बसेल म्हणून.

जीएसटीचं बिल नाही तर पैसे नाहीत. रोख देऊ नका, माझे १०,००० रोख गेले ते आता तो मान्यच करत नाही. नवा रेडिएटर आपल्यासमोर खोक्यातनं काढायला लावा. थर्मोस्टॅट हातात घेऊन बघा. खालचा होस इंजिन गार असताना दाबून बघा. पाणी भरताना हवा पूर्ण निघेपर्यंत उभं राहा, घाई करू देऊ नका.

त्या बाजूला कुणी असंच काम करून घेतलं असेल तर आजच रेडिएटरची टाकी तपासा, चिठ्ठ्या आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट फेकू नका, आणि मला कळवा. मी तक्रार टाकतोय, दोघंतिघं एकत्र आलो तर त्याला हात वर करता येणार नाहीत.