सहा मीटरचा पाइप हलवायचाय: साधी फोर्कलिफ्ट, फोर-वे की क्रेन?

माझा भाचा नाशिकच्या अंबडला एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, पाइप आणि चॅनलचा व्यापार करतो. गाळा अपुरा पडायला लागलाय, म्हणून सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत २० बाय ३० मीटरची शेड घ्यायचं त्याच्या मनात आहे. परवा फोन आला, "मामा, तीन टनी फोर्कलिफ्ट घेऊ की पाच टनी?" म्हटलं, टनाचं नंतर बघू, आधी माल किती लांब आहे ते सांग. पाइप सहा मीटर. चॅनल, अँगल कधी सहा तर कधी बारा. मग सगळा हिशेबच वेगळा होतो. हा प्रश्न नाशिकमध्ये अनेकांना पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

साधी काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढे माल आणि मागे तोल साधणारं वजन असलेली, सगळ्यांच्या ओळखीची. गोदरेज १९६० च्या दशकापासून बनवतेय, मेकॅनिक जवळपास मिळतो, जुनी गाडीही मिळते. पॅलेट, ड्रम, कास्टिंगचे बिन असा आटोपशीर माल असेल तर दुसरीकडे बघूच नका. फक्त 'तीन टन' या शब्दावर जाऊ नका. फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर भाराचा मध्य असेल तेव्हाच ते तीन टन. मध्य ७०० मिलिमीटरवर सरकला की तीच गाडी सुमारे अडीच टनांवर येते. गाडीवर तशी पाटी असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लांब मालाची अडचण वेगळी. सहा मीटरचा बंडल साध्या गाडीवर आडवा बसतो, मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर. गाडी जरा वळली तरी टोकं केवढी तरी झाडून जातात. माझ्या जुन्या यार्डात अशाच एका बंडलाचं टोक खांबावर आदळलं होतं. खांब वाकला, बंडल सुटला आणि पलीकडे उभा असलेला हेल्पर हातभर अंतराने वाचला. चूक ऑपरेटरची नव्हती, माझी होती. तेवढ्या अरुंद वाटेत ती गाडी मी घालायलाच नको होती.

आता भाच्याच्या शेडचा हिशेब. आडवा सहा मीटर पाइप घेऊन जायला आणि वळून रॅकवर ठेवायला दोन रॅकमधली वाट साडेसात मीटर तरी धरा. रॅकची खोली १.२ मीटर. म्हणजे दोन रॅक आणि एक वाट मिळून ९.९ मीटर, २० मीटर रुंदीत रॅकच्या चारच रांगा. फोर-वे गाडीची चाकं ९० अंशांत वळतात, त्यामुळे ती खेकड्यासारखी बाजूला चालते आणि पाइप लांबीच्या दिशेने पुढे जातो. तिला तीन मीटर वाट धरली तर दोन रॅकसह ५.४ मीटर लागतात आणि त्याच शेडमध्ये सहा रांगा बसतात. भाडं तेच, माल दीडपट.

याच हिशेबावर एक कंपनी उभी राहिली आहे. आयर्लंडमधलं मोनाहन हे आठेक हजार वस्तीचं गाव, आसपास कोंबड्या आणि मशरूमचा धंदा. तिथे १९९८ मध्ये मार्टिन मॅकव्हिकर आणि रॉबर्ट मॉफेट यांनी कॉम्बिलिफ्ट सुरू केली. पहिली गाडी सी-४०००: इंजिनवर चालणारी, तीन चाकांची, तिन्ही चाकांना ताकद असलेली फोर-वे. पुढे अरुंद वाटेत कंबरेतून वळणारी आयल-मास्टर आली, कंटेनर पायांमध्ये धरून नेणारे स्ट्रॅडल कॅरियर आले. २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ५ कोटी युरो खर्चून ४६,५०० चौरस मीटरचा नवा कारखाना उघडला. आपल्या भाषेत साडेअकरा एकर, सगळं एका छताखाली. साध्या फोर्कलिफ्टच्या भावात मोठ्या कंपन्यांशी झुंजायला गेले असते तर ते इथवर पोचले नसते, असं मला वाटतं. 'तुमची जागा कुठे वाया जाते' एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं. अंबड-सातपूरच्या आपल्या व्हेंडर मंडळींकडे, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे, हात आहेत, मशिनं आहेत, डोकंही आहे. पण एका मोठ्या कंपनीच्या ऑर्डरचं शेड्यूल खाली आलं की अख्खी गल्ली शांत होते. स्वतःचं एक नेमकं यंत्र इथूनही निघावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पण म्हणून भाच्याला लगेच फोर-वे घे असं सांगितलं नाही. किंमत साध्या गाडीच्या कित्येक पट पडते. आयात गाडी असेल तर पार्ट किती दिवसांत येतो आणि सर्व्हिस इंजिनियर कुठे बसतो, हे लेखी घ्यायला हवं. फरशी सपाट आणि मजबूत लागते. ऑपरेटरला बाजूला चालवायची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो.

ईओटी क्रेन म्हणजे शेडमध्ये वर, दोन बाजूंच्या रुळांवर धावणारी विजेची क्रेन. तिला गाडीची वाटच लागत नाही, बारा मीटरचा चॅनलही ती आरामात नेते. मात्र शेड बांधतानाच गॅन्ट्रीचा, म्हणजे क्रेन ज्यावर धावते त्या गर्डरचा, भार धरलेला हवा. भाड्याच्या शेडला नंतर क्रेन जोडायला जाऊ नका. बेल्ट लावायला माणूस लागतो, आणि खालचा बंडल हवा असेल तर वरचे सगळे हलवावे लागतात. दिवसाला चार-पाच मोठे लॉट उतरत असतील तर क्रेन उत्तम. प्रत्येक गिऱ्हाइकाला दहा-दहा पाइप काढून द्यायचे असतील तर वेळ खाते.

हायड्रा, म्हणजे माल लटकवून नेणारी चाकांवरची क्रेन, रोज वापरू नका. ट्रक उतरवायला भाड्याने बोलवा. झुलता माल आणि ड्रायव्हरला न दिसणारा कोपरा, यामुळे अनेक मोठ्या साइटवर जुन्या हायड्राला बंदी आहे.

डिझेल की बॅटरी? बंद शेडमध्ये बॅटरी, पावसात उघड्या यार्डात काम असेल तर डिझेल. पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये तर धुराची गाडी नकोच.

भाच्याला एक महिन्याचं काम दिलंय. रोज किती बंडल आत आले, किती बाहेर गेले, त्यातले सहा मीटर किती नि बारा मीटर किती, हे वहीत लिहायचं. बारा मीटरचा माल निम्म्याच्या वर निघाला तर गॅन्ट्रीवाली शेड शोधायची. सहा मीटरचा सुटा माल जास्त निघाला आणि चारऐवजी सहा रांगा भरण्याइतकी विक्री असेल, तर फोर-वेचं कोटेशन मागवायचं. तेवढी विक्री नसेल तर वर्षभर साधी गाडी भाड्याने घ्यायची आणि लांब माल शेडच्या तोंडाशीच, सरळ आत-बाहेर जाईल असा ठेवायचा. पहिल्या आठवड्याची पानं त्याने काल पाठवली. सहा मीटरवाला माल पुढे आहे.