आधी ‘अ‍ॅबट’ की आधी ‘घोस्ट्स’?

मैत्रिणीने विचारलं, रात्री ओटा आवरून झाला की झोपेपर्यंत वीस-बावीस मिनिटं मिळतात, त्यात ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ लावू की ‘घोस्ट्स’? दोन्ही २०२१ साली सुरू झालेल्या अमेरिकन विनोदी मालिका, पहिली एबीसी वाहिनीवर, दुसरी सीबीएसवर. दोन्हींत मागून उसना हशा सोडलेला नाही. साम्य इथेच संपतं.

‘अ‍ॅबट’ फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळेची गोष्ट. क्विंटा ब्रन्सनने लिहिली आणि तीच त्यात जनीन नावाची उत्साही बाई झाली. शाळेला नाव दिलं स्वतःच्या सहावीतल्या बाईंचं. पहिल्या भागात जनीनला वर्गासाठी नवा गालिचा हवा असतो, कारण जुन्यावर एका पोराने शू केलेली असते. शाळेला तीन हजार डॉलर मिळतात आणि मुख्याध्यापिका एव्हा त्यातून शाळेबाहेर स्वतःचा फोटो असलेला नवा फलक लावते. शेवटी मेलिसाबाई ‘ओळखीचा एक माणूस आहे’ म्हणत गालिचे आणते, तेही ईगल्स या तिथल्या फुटबॉल संघाच्या स्टेडियमसाठी निघालेले! झेडपीच्या शाळेत खडूच्या पेट्यांसाठी अर्ज केलेल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

या मालिकेची अट एकच, डोळे पडद्यावर हवेत. शाळेत माहितीपटवाले शूटिंग करताहेत अशी कल्पना आहे, त्यामुळे निम्मे विनोद बोललेच जात नाहीत. ग्रेगरी सर हळूच कॅमेऱ्याकडे बघतात, संपलं. कपड्यांच्या घड्या घालत बघाल तर तेच हुकेल.

माझी तक्रार अलीकडच्या भागांबद्दल आहे. जनीन आणि ग्रेगरीचं ‘आज बोलेल, उद्या बोलेल’ तिसऱ्या सीझनच्या अखेरीस मार्गी लागलं आणि त्या चोरट्या नजरांतली गंमत उतरली. दोघं एकत्र असताना आता नुसतं गोड वाटतं. चौथा सीझन चालतो तो इतरांच्या जोरावर. ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ या मालिकेतली टोळी कोर्टाच्या हुकमाने शाळेत सेवा करायला येते तो भाग बघाच. त्या टोळीतल्या चार्लीला वाचता येत नाही हे बार्बराबाईंच्या लक्षात येतं आणि त्या त्याला शिकवायला बसतात. ते दृश्य मी मागे नेऊन परत बघितलं. गोल्फ कोर्सच्या भानगडीत एव्हाची नोकरी जाते तेव्हा तर कळतं, ही बाई नसेल तर शाळा किती अळणी आहे. पाचव्या सीझनसाठी त्यांनी फिलीज या फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाच्या खऱ्या सामन्यात शूटिंग केलं. ऑगस्ट २०२५ मधल्या नेमक्या त्या रात्री त्यांच्या काइल श्वार्बरने चार होम रन मारले, बेसबॉलमध्ये हे क्वचितच घडतं. नशीब असावं तर असं.

‘घोस्ट्स’ कानांनी बघता येते. न्यूयॉर्क राज्यातला जुना वाडा, त्यात वेगवेगळ्या काळात मेलेली भुतं: व्हायकिंग, क्रांतियुद्धातला अधिकारी, जॅझ गायिका, मानेत बाण घुसलेला स्काउटमास्तर, अर्धी चड्डीसुद्धा न घातलेला वॉल स्ट्रीटवाला. ती फक्त वाड्याच्या मालकिणीला, सॅमला, दिसतात. तिच्या नवऱ्याला, जयला, दिसत नाहीत. हा जय म्हणजे उत्कर्ष आंबुडकर. आडनाव वाचून मी टीव्हीजवळ सरकले हे कबूल. त्याचं काम मात्र आडनावापलीकडचं आहे. भुताशी बोलताना तो हातभर बाजूला बघून बोलतो आणि सॅम त्याला न सांगता दिशा दाखवते. असं चुकीच्या जागी बघणं बरोबर जमायला केवढी मेहनत लागत असेल!

आमच्या सासूबाई सहा महिने इथे होत्या, त्यांनी ही मालिका आमच्यासोबत बघितली. इंग्रजी अर्धवट कळायचं, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘अगं, यांचं श्राद्ध कुणी घातलंच नाही का?’ खरं सांगायचं तर पुढचे पाच सीझन याच प्रश्नाभोवती फिरतात. (अंगावर येणारे द्वयर्थी विनोद बरेच आहेत, तेव्हा मी पाणी आणायला उठायचे.)

इथली कमजोरी म्हणजे सीझनच्या शेवटी लावलेला फास. आयझॅकला, म्हणजे त्या क्रांतियुद्धातल्या अधिकाऱ्याला, जमिनीखाली ओढून नेतात, जय नकळत सैतानाला आत्मा विकून बसतो, आपण महिनोन्‌महिने थांबतो आणि पुढे गाठ चटकन सुटते. पण ही मालिका मुरते. पहिल्या दोन सीझनमध्ये हेटी नावाची भूतबाई नुसती खडूस, उंच कॉलरवाली श्रीमंत बाई वाटते. तिसऱ्यात फ्लॉवर हे हिप्पी भूत विहिरीत अडकतं, दोर मिळत नाही, आणि हेटी स्वतःच्या गळ्याभोवतीची टेलिफोनची वायर सोडून पुढे करते. तिने आत्महत्या केली होती हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं. विनोदी मालिकेत एवढा वेळ कुणी बोललं नाही तरी चालतं, हे मी तिथे बघितलं.

म्हणून क्रमाने, रोज एक भाग बघणार असशील तर ‘घोस्ट्स’, पहिल्यापासून. मधूनच उडी मारली तर हेटीची वायर म्हणजे नुसती वायर. ‘अ‍ॅबट’ लिखाणात सरस आहे, पण ती कुठूनही उचलता येते. शनिवारी दुपारी, चहा घेऊन, फोन लांब ठेवून दोन-तीन भाग बघ. आधी गालिच्याचा, मग चार्लीचा.