पावसाळ्यात होडी कुठे ठेवाल: काठावर, धक्क्याला की नांगरावर?

मे संपत आला की खाडीकाठच्या होडीवाल्यांपुढे हा प्रश्न उभा राहतोच. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. तेवढे दिवस होडीला काम नसेल तर खुशाल वर काढा, वर काढलेल्या होडीपुरतं पुढे वाचलं तरी पुरे. पण तरीसाठी, म्हणजे माणसं पलीकडे न्यायला, होडी लागत असेल किंवा वर ओढायला माणसंच मिळत नसतील, तर विचार करावा लागतो.

आधी आपला पूर कसा येतो ते बघू. सांगलीत कृष्णा बहुधा पायरी पायरीने चढते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे ऐकत लोक आवराआवर करतात. २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं, तरी हाताशी वेळ होता. वाशिष्ठी एवढी सवड देत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी घुसलं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून लोंढा आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाणी तासातासाला चढतं. म्हणून पंचांग आणि हवामान खात्याचा इशारा एकत्र बघायची सवय लावून घ्या.

वर काढलेली होडी सगळ्यांत सुरक्षित, पण नेहमीच्या भरतीच्या रेषेवर ठेवून भागत नाही. गेल्या मोठ्या पुराची खूण विचारा आणि त्याच्याही वर न्या. ताडपत्रीने शाकारा, तरी होडीच्या तळाचं बूच काढूनच ठेवा. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद उघड्या होडीत दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस पडला तर हजार-बाराशे लिटर पाणी सहज साचतं. बूच उघडं असताना पूर आला तर होडीत गाळ भरेल, मान्य. पण पाणी भरलेली होडी जड होते, सहजासहजी वाहून जात नाही. गाळ उपसता येतो. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, दोर मात्र जिवंत झाडाला बांधा, विजेच्या खांबाला नको.

धक्क्याला बांधणं सोयीचं दिसतं, पण पुराच्या दृष्टीने मला तेच सगळ्यांत वाईट वाटतं. धक्का जागचा हलत नाही, पाणी मात्र कित्येक फूट वर-खाली होतं. दोर आखूड ठेवला तर ओहोटीला होडी टांगली जाते आणि चढत्या पाण्यात नाळ खाली खेचली जाऊन पाणी आत येतं. लांब ठेवला तर होडी दगडावर आपटत राहते, टायर लावले तरी. शेजारच्या होडीचा दोर तुटला की तीही आपल्यावरच येते. एका रात्रीपुरतं ठीक, पण इशारा आल्यावर तिथे ठेवू नका.

नांगरावर ठेवायची तर मुख्य धारेतून बाजूला, कांदळवनाच्या आडोशाला जागा बघा. लोंढ्याबरोबर ओंडके, बांबू, मेलेली जनावरं येतात, ती धारेतूनच जातात. पुराच्या वेळी जेवढं खोल पाणी असेल त्याच्या निदान पाचपट दोर सोडा, जागा असेल तर सातपट. दोर नायलॉनचा घ्या, तो ताणला जाऊन झटका सोसतो. स्वस्तातला तरंगणारा प्लॅस्टिकचा दोर उन्हाने कुजतो. दोन नांगर टाकायचे तर दोन्ही नाळेकडूनच. पुढून-मागून जखडली की भरती-ओहोटीत होडी फिरत नाही, धार आडवी बसते आणि कचरा अडकून ती कलंडते. दोर कडेला घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा चिरून घाला. दोर बहुधा तिथेच तुटतात. या पर्यायात बूच बंदच राहणार, त्यामुळे उपसा रोजचा. परगावी राहत असाल तर हा मार्ग तुमचा नव्हे.

कुठलाही पर्याय घ्या, इंजिन, बॅटरी आणि इंधनाची टाकी आधी घरी आणा. आणि पाणी चढायला लागल्यावर दोर सैल करायला होडीवर जाऊ नका. जे काय करायचं ते इशारा आला त्या दिवशी, उजेडात.