घरच्या तोल-व्यायामासाठी: व्हीआर हेडसेट की भिंतीवरचं अक्षर?

व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस (कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेची सूज) होऊन गेला, एका कानाची तोलाची बाजू कमजोर राहिली, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून व्यायाम सांगितले आणि आता व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर बांधून आभासी दृश्यं दाखवणाऱ्या साधनावर) पैसे घालावेत का असा प्रश्न पडला आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर बहुतेक वेळा कानातले खडे सरकलेले असतात. तिथे एपलीची पद्धत (डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे जागी नेणं) लागते, हेडसेटचा उपयोग नाही. मेनिएरचे (आतल्या कानाच्या एका आजाराचे) चक्करेचे झटके चालू असतील तर यातलं काहीच सुरू करू नये.

व्यायाम मुळात दोन प्रकारचे. पहिला, मान हलत असताना नजर स्थिर ठेवण्याचा. दुसरा, डोळ्यांसमोरच्या हालचालीची सवय करण्याचा: मॉलमधल्या मालाच्या रांगा, सरकता जिना, फलाटावरची गर्दी. या दोन्हींसाठी साधन वेगवेगळं तपासावं लागतं, आणि विकत घेताना नेमकं तेच राहून जातं.

पहिल्या प्रकाराला लागतं काय? कोऱ्या कागदावर सेंटिमीटरभर उंचीचं ठळक अक्षर, डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर. नजर अक्षरावर रोखून मान डावी-उजवीकडे साधारण २० अंश, एक मिनिट; मग तेवढंच वर-खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वर-खाली करताना काचेचा नंबर बदलत जातो, म्हणून एकाच नंबरचा चष्मा घालावा. मेट्रोनोम अ‍ॅप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एक बाजू गाठायची आणि अक्षर स्पष्ट राहतं तोवर १०-१० ठोके वाढवायचे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत नव्या त्रासाला दिवसभरात मिळून किमान १२ मिनिटं आणि जुन्या त्रासाला किमान २० मिनिटं सांगितली आहेत, तीन किंवा अधिक वेळांत विभागून.

या व्यायामाचा सगळा जीव एका खुणेत आहे: अक्षर कोणत्या वेगाला पुसट व्हायला लागतं. वेग त्या सीमेच्या जरा अलीकडे ठेवला तरच मेंदूला चूक दिसते आणि तो ती सुधारतो. माझा निर्णय इथेच झाला. आजचे स्वतंत्र (फोन-संगणकाशिवाय चालणारे) हेडसेट साधारण अर्धा किलोचे, आणि बरंचसं वजन पुढच्या बाजूला. मान वेगाने फिरवली की हेडसेट गालावर किंचित मागे राहतो, भिंगाचा मध्य डोळ्यासमोरून सरकतो आणि अक्षर पुसट होतं. आता हे कानामुळे झालं की भिंगामुळे, कळायला मार्ग नाही. पट्टा आवळला तर कपाळ दुखतं, सैल सोडला तर घसरण वाढते, आणि नकळत माणूस मानेचा वेगच कमी करतो. वेग गेला की व्यायाम गेला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगांवर वाफ धरते ती वेगळीच. कोणाच्या चेहऱ्यावर हेडसेट घट्ट बसतही असेल. तरी या प्रकारासाठी मी कागदच निवडेन.

दुसऱ्या प्रकारात हेडसेट खरोखर उजवा आहे, हे मान्य करायला हवं. ४३ इंची टीव्हीसमोर एक मीटरवर बसलं तर नजरेचा सुमारे ५० अंश भाग भरतो. हेडसेटमध्ये ९० ते ११०. शिवाय गर्दी, वेग, आवाज सगळं कमी-जास्त करता येतं. तरी सुरुवात टीव्हीवर सरकत्या पट्ट्यांच्या व्हिडिओनेही बरी होते: आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून, शेवटी जाड फोमवर. खोलीत अंधार केला की परिणाम वाढतो. चक्कर थोडी वाढायलाच हवी, पण १५-२० मिनिटांत मूळ पातळीवर आली पाहिजे. तासभर रेंगाळली तर मात्रा जास्त झाली.

फोन अडकवायचा स्वस्त डबा मात्र घेऊ नये. तो डोक्याचं फिरणं ओळखतो, पुढे-मागे सरकणं ओळखत नाही. काही फोनवर चित्र हळूहळू एका बाजूला वाहत जातं, आणि आधीच एका बाजूला ओढ असलेल्याला ते फार त्रासाचं.

म्हणून क्रम सुचवायचा तर चार ते सहा आठवडे कागद आणि टीव्ही. त्यानंतरही दुकानात गेल्यावरच त्रास होत असेल तर हेडसेट. शक्यतो आधी फिजिओथेरपिस्टकडचा वापरून पाहावा. घरी सुरुवात हाताच्या खुर्चीत बसून करा. कंट्रोलरच्या दांडीने चालायचे खेळ टाळा, त्यात धडधाकट माणसालाही मळमळतं. उभं राहायच्या टप्प्यावर पाठीमागे पलंग, बाजूला भिंत आणि खोलीत दुसरं माणूस हवं, कारण डोळे झाकलेले असताना पावलं दिसत नाहीत. हेडसेटचे कॅमेरे अंधारात वाट चुकतात, त्यामुळे दिवा चालू ठेवा. ट्यूबलाइटखाली चित्र थरथरलं तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झ करून पाहा.