सिएटलमधील एका पालक-आधार सेवेविषयी

गर्भावस्थेतील मद्यसेवनाने बाळावर होणाऱ्या परिणामांना ज्या शहरातील डॉक्टरांनी १९७३ साली ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले, त्याच सिएटलमध्ये आम्ही आमच्या दत्तक मुलासह राहतो आणि गेले वर्षभर एका पालक-आधार सेवेचा लाभ घेत आहोत.

येथील समुपदेशक मुलाच्या वागण्याकडे हट्ट म्हणून नव्हे, तर मेंदूला जन्माआधीच झालेल्या इजेचा परिणाम म्हणून पाहायला शिकवतात. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, वेळेचा आणि पैशाचा अंदाज येत नाही, कृती आणि परिणाम यांची सांगड बसत नसल्याने शिक्षेचाही उपयोग होत नाही; म्हणून मुलाला बदलण्याआधी घराची घडी बदलावी, असा त्यांचा आग्रह असतो. एका वेळी एकच सूचना, तीही रोज त्याच शब्दांत, आणि दिनक्रमाचा चित्रतक्ता, एवढ्यावर आमची सकाळची रडारड बरीच कमी झाली. (शाळेला हे पटवणे हे वेगळेच प्रकरण आहे, कारण चेहऱ्यावर कोणतीही खूण नसलेले बोलके मूल शिक्षकांना केवळ आळशी वाटते.)

गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, हे ठामपणे सांगतानाही जन्मदात्या मातांना येथे मान खाली घालावी लागत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. बैठका मात्र भर दुपारी असतात आणि नोंदणीनंतर आम्हाला तीन महिने थांबावे लागले.