कापड उलटून बघा: मध्ययुगीन इंग्लिश जरीकामाच्या सराव-किटबद्दल

हे किट कसे आहे ते कापड उलटल्यावरच कळते. मागे सोनेरी धाग्याचे बारीक फास ओळीने दिसले, तर ते ‘ओपस अँग्लिकानम’, म्हणजे मध्ययुगातले नावाजलेले इंग्लिश जरीकाम. नाहीतर सोनेरी धागा नुसता वरून टाचलेला.

इंग्लंडमधल्या डरहॅमला असलेल्या, संत कथबर्टच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १०व्या शतकातल्या धर्मगुरूंच्या वस्त्रपट्ट्यांवर सोने असे वरूनच टाचलेले आहे. पुढे १३व्या-१४व्या शतकात इंग्लिश कारागिरांनी ते मागे ओढायची पद्धत कळसाला नेली. पोपच्या १२९५ सालच्या यादीत इंग्लिश कामाचे शंभरावर नग आहेत. या पद्धतीचा फायदा असा: बिशपचा अर्धवर्तुळाकार झगा अंगावर नीट पडायला हवा. प्रत्येक फास बिजागरीसारखा वळतो, म्हणून सोन्याने भरलेले कापडही ताठ राहत नाही. शिवाय सोने टाचणारा दोरा मागे दडल्यामुळे घासून तुटत नाही.

किटमधले दुहेरी लिनन उत्तम आहे आणि देवदूताच्या डोक्याची आकृती स्वच्छ छापलेली आहे. खोट आहे ती सोनेरी धाग्यात. तो पॉलिस्टरच्या पट्टीचा आहे. ओढला की मागे जातो आणि हात सैल होताच उसळून वर येतो. त्याऐवजी सुरतेची खरी जर वापरा, म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती बारीक असते, तेव्हा दुहेरी धरा. दिलेला धागा ४ मीटर आहे. ५ सेंटिमीटरच्या प्रभामंडळाला तो पुरेसा वाटतो, पण प्रत्येक फासात थोडा मागे जातो आणि शेवटच्या दोन-तीन ओळी उघड्या राहतात. ६ मीटर घ्या; दुहेरी जरीसाठी १२.

टाका असा: कापड ढोलकीसारखे ताणा. लिननच्या दोऱ्याला मेण लावा, नाहीतर तारेवर घासून तो पिंजतो. सुई मागून वर काढा, जरीवरून न्या आणि त्याच छिद्रातून खाली घाला. मग हलका झटका द्या. ‘टप्प’ असा आवाज आला की जर मिलिमीटरभर खाली गेली. छिद्र चुकले तर कापडाचा धागा आड येतो, फास खाली जातच नाही आणि टाचणारा दोरा वर दिसत राहतो. असा टाका लगेच उसवा. पुढच्या ओळीचे टाके विटांच्या बांधकामासारखे सरकवून घ्या.

सोबतच्या पत्रकात सोने आधी भरायला सांगितले आहे. हे उलट करा. रेशमाचा धागा तारेत अडकून फाटतो, म्हणून चेहरा आधी. त्यासाठी दिलेला सुती धागा बाजूला ठेवा आणि पीळ नसलेले रेशीम आणा. प्रत्येक टाका आधीच्या टाक्याला मधोमध चिरत न्या आणि गाल आतून बाहेर चक्राकार भरा. त्या वळणांवर प्रकाश फिरतो आणि एकाच रंगाच्या रेशमात गाल फुगीर दिसतो.